एक जरी टाइल पोकळ निघाली तर

चिनी टाइल्सची पेटी मुंबईहून रेल्वेनं आली की ती उघडायचं काम माझं. वरची फळी उचकटली की आधी पेंढा. मग आणखी पेंढा. हात कोपरापर्यंत आत घातला की कुठं एक पांढरी, गार टाइल बोटांना लागते. पेटी रिकामी होईतो खोलीभर पेंढा झालेला असतो, आणि हा सगळा एवढ्याशा पेटीत मावला कसा, हे कुणालाच सांगता येत नाही.

आमच्या धंद्यातल्या किश्श्यांचं तसंच आहे. लोक म्हणतात, "एखादा सांग की!" एखादा कसला? एक ओढला की पाच बाहेर येतात!

०

आधी मी या धंद्यात आलो कसा, ते.

कॉलेजात आमचे एक प्राध्यापक वीस वर्षांपूर्वीची पिवळी वही वाचून दाखवायचे आणि आम्ही ती उतरून घ्यायची. वहीच्या पानाचा कोपरा झडला असेल तर कोपऱ्यावरचे शब्दही गाळायचे! एके दिवशी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, वहीच द्या ना. घरी वाचतो. तुमचाही वेळ वाचेल, माझाही."

ते म्हणाले, "गेट आउट."

मी गेलो, तो गेलोच.

आमचे वडील, आण्णा, शाळामास्तर. ज्याचं घड्याळ दोन मिनिटं पुढं आहे त्याला ते खोटारडा म्हणतात. पोरगा कॉलेज सोडून दस्तगीर मिस्त्रींच्या हाताखाली टाइल्स लावायला जातो, हे कळल्यावर ते छत्री घेऊन थेट कामावरच आले. मिस्त्री तेव्हा भिंतीवर टाइल लावत होते. कोल्हापुरात चिनी टाइल सरळ रेषेत लावणारी माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत मिस्त्रींचं बोट पहिलं.

आण्णा म्हणाले, "मिस्त्री, याला वर्षभर ठेवा. पुढच्या जूनमध्ये कॉलेज उघडेल त्या दिवशी यानं एकट्यानं लावलेली भिंत मी स्वतः वाजवून बघणार. एक जरी टाइल पोकळ निघाली, तर हा त्याच दिवशी परत बाकावर जाऊन बसणार."

टाइलच्या पाठीमागं सिमेंट गच्च बसलं असेल तर बोटाच्या पेरानं ठोकल्यावर ती 'टण' वाजते. मागं हवा राहिली असेल तर 'ठप'. ती पोकळ. आज ना उद्या निखळणारी.

मिस्त्रींनी विचारलं, "एक जरी?"

"एक जरी."

"साहेब, मी लावलेल्या भिंतीतबी एखादी निघती की."

आण्णा म्हणाले, "मला कुठं तुम्हाला कॉलेजात पाठवायचंय?"

झालं! त्या दिवसापासून आण्णांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. सकाळी उठले की आधी कॅलेंडरकडं बघायचे आणि मग माझ्याकडं. आणि कामावर माझं नाव पडलं, 'कालेज'.

०

पहिले दोन महिने मला मिस्त्रींनी भिंतीला हात लावू दिला नाही. काम एकच, टाइल्स पिंपात भिजत घालायच्या. बुडबुडे थांबले की काढायच्या. थांबायच्या आधी काढायच्या नाहीत.

मला वाटलं, हे म्हाताऱ्यांचं नेहमीचं. ज्याला कारण सांगता येत नाही त्याला 'पद्धत' म्हणायचं. एके दिवशी घाई होती म्हणून मी दोन ओळींच्या टाइल्स नुसत्या पाण्यातून बुचकळून दिल्या. मिस्त्रींनी हातात घेतल्या, क्षणभर बघितल्या आणि लावल्या.

दुपारी आम्ही चहाला बसलो. मिस्त्री, मी आणि सिमेंट कालवणारा म्हादबा. म्हादबा नेसरीचा, दिवसाला दहा शब्द बोलणार, त्यातले सहा चहाबद्दल.

आतून आवाज आला. टप्.

मग परत टप्. मग टप् टप्.

मी पळत आत गेलो. कोरड्या टाइल्सनी भिंतीवरच्या सिमेंटचं पाणी शोषून घेतलं होतं, सिमेंटची राख झाली होती आणि टाइल्स एकेक करून उतरत होत्या.

मिस्त्री बाहेरूनच म्हणाले, "कालेज, तहानलेल्या व्हत्या बिचाऱ्या. भितीचं पाणी प्याल्या आन् घरी निघाल्या."

त्यांना लावतानाच माहीत होतं. मला सांगण्यापेक्षा त्यांनी दोन ओळी वाया घालवल्या. कॉलेजात दोन वर्षांत कुणी माझ्यासाठी एक खडूसुद्धा वाया घालवला नव्हता.

०

एका वकिलांकडं स्वयंपाकघर करायचं होतं. सुनेला पांढरं शुभ्र पाहिजे होतं. सासूबाईंचा जोरदार विरोध. "चिनी माती सोवळ्यात चालत नाही! त्यात हाडं घालतात!"

मी म्हणालो, "आजी, कपबशीतनं चहा पिता की."

"मी पितळीतनं पिते," त्या म्हणाल्या. "आणि तू कोण रे मध्ये बोलणारा?"

वकीलसाहेब पेपराआडून बघत राहिले. कोर्टात म्हणे हा माणूस वाघासारखा गर्जायचा. आई आणि बायकोच्या मध्ये उभं केल्यावर त्याला फक्त तारीख मागता येत होती. "पुढच्या आठवड्यात बघू... पुढच्या आठवड्यात..."

शेवटी सुनेनंच जोर केला. भिंतीला पांढऱ्या आणि जमिनीला जाड, बिनचकाकीच्या टाइल्स लावून आम्ही मोकळे झालो. तिसऱ्या दिवशी वकिलांचा निरोप, ताबडतोब या.

जाऊन बघतो तर सगळ्या जमिनीवर शेण! आजींनी पहाटे उठून अख्खं स्वयंपाकघर स्वतःच्या हातानं सारवलं होतं. सून एका कोपऱ्यात रडत होती. आणि आजी दुसऱ्या कोपऱ्यात तिच्याहून जास्त रडत होत्या, कारण वाळलेलं शेण टाइलवरून पापडासारखं सुटून येत होतं.

"शेण धरत नाही ती जमीन कसली?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं. "सांगा ना! अन्न कशावर शिजवायचं मी?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. मिस्त्रींनी माझ्या पायावर पाय दिला. मग ते उंबऱ्याबाहेरच उकिडवे बसले. सारवलेल्या जागेत आता आत यायचं का नाही, हे आजींनी अजून सांगितलं नव्हतं.

"आजी, तुमी सारवता ते नेमकं कुटं पायजे?"

आजींनी चुलीपुढची जागा दाखवली. "इथं तरी."

मिस्त्री म्हणाले, "आत येऊ?"

आजींनी एकदा चुलीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आल्याशिवाय कसं करणार?"

मिस्त्रींनी चुलीपुढच्या चार टाइल्स अलगद काढल्या. खालचा कोबा फोडला, तांबडी माती भरली, चोपून सपाट केली. आजींनी तिथंच, आमच्या देखत, हात भरून सारवलं आणि पदरानं डोळे पुसले. सून मुकाट्यानं बाकीची जमीन धुऊ लागली.

मिस्त्री हात धुताना म्हणाले, "वकीलसाहेब, वाटणी झाली. तुमच्या कोर्टात दहा वर्सं लागली असती!"

०

संस्थान विलीन झालं, पण संस्थानच्या पेन्शनर रावसाहेबांचा आवाज काही विलीन झाला नव्हता. त्यांनी सोप्याच्या भिंतीसाठी विलायती मोर आणला होता. सहा टाइल्स जोडून एक मोर. आम्ही बसवला. काय देखणा बसला होता!

रावसाहेब काठी टेकत आले. "याचं तोंड कुठं आहे?"

"त्या बाजूला," मी म्हणालो.

"ती दक्षिण आहे. माझ्या घरात मोर दक्षिणेला बघणार नाही."

"मग भिंत फिरवा."

रावसाहेबांनी मिस्त्रींना विचारलं, "हा कोण?"

"कालेजात व्हता."

"तरीच!" रावसाहेब म्हणाले. मग काठीनं मोराच्या डोक्याची टाइल दाखवली. "बाकी मोर राहू द्या. डोकं तेवढं फिरवा."

मिस्त्रींनी तीनदा सांगून बघितलं. ऐकतो कोण? डोक्याची टाइल काढली, फिरवली, बसवली. तोंड उत्तरेला झालं हे खरं, पण डोकंही उलटं झालं! तुरा जमिनीकडं, मान आभाळाकडं, आणि मधे मोराचा काही संबंध उरला नाही. रावसाहेब बघतच राहिले. पण चुकलो म्हणतील ते रावसाहेब कसले?

पहिला पाहुणा आला. "रावसाहेब, हा मोर असा काय?"

"पाणी पितोय," रावसाहेब म्हणाले.

आठवड्यानं आम्हाला परत बोलावणं. मला वाटलं, अक्कल आली. रावसाहेब काठीनं मोराची छाती दाखवत म्हणाले, "मिस्त्री, लोक विचारतात पाणी कुठं आहे. ही काढा आणि इथं एक निळी टाइल बसवा!"

०

गुळाच्या एका अडत्यानं मुंबईला कुठं तरी टाइल्स बघितल्या आणि परत आल्यावर बैठकीच्या खोलीला खिडकीच्या उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स लावून घेतल्या. मिस्त्री म्हणाले, "शेट, न्हाणी सोडून बैठकीत?" शेट म्हणाले, "फॅशन हाय."

शिरोळचे होणारे व्याही मुलगी बघायला येणार होते. ऊसवाले, मोठे बागायतदार. आम्ही दारातल्या पायरीचं काम करत होतो. व्याही आले, शेटनी त्यांना त्या खोलीत बसवलं आणि चहाचं बघायला आत गेले.

व्याह्यांनी चारी भिंतींकडं बघितलं. फेटा काढला, खुंटीला लावला. सदरा काढला. मांडी घालून चौरंगावर बसले आणि आत तोंड करून ओरडले, "पाणी तापलंय न्हवं?"

शेट धावत आले. "पावणं, पावणं! ही बैठकीची खोली हाय!"

व्याह्यांनी पुन्हा एकदा भिंतींकडं बघितलं.

"आसं?" ते म्हणाले. "मग न्हाणीत काय गालिचा घातलाय?"

म्हादबाला हसू आवरेना म्हणून तो घमेलं घेऊन रस्त्यापलीकडं गेला. लग्न मात्र जमलं. मुलगी म्हणे पडद्याआडून सगळ्यात मोठ्यानं हसली, आणि ते हसणं व्याह्यांना आवडलं.

०

मंगळवार पेठेत एका म्हाताऱ्या पैलवानानं घर बांधलं. त्याला न्हाणीच्या जमिनीलाही चकचकीत टाइल्स पाहिजे होत्या.

मिस्त्री म्हणाले, "वस्ताद, जमिनीला चकाकी नगो. साबण पडला की घसरतंय."

वस्तादांनी मांडीवर थाप मारली. दारातला कुत्रा पळाला. "चाळीस वर्सं आखाड्यात काढली. हिंदुस्थानात माझी पाठ कुणी लावली न्हाय, आन् ही तुझी चिनी फरशी लावनार?"

आठव्या दिवशी बोलावणं आलं. वस्ताद पलंगावर पालथे, कमरेला आंबेहळदीचा लेप. मी म्हणालो, "सांगितलं होतं की!" मिस्त्रींनी परत माझ्या पायावर पाय दिला. त्या वर्षात माझ्या डाव्या पायाचं नख दोनदा गेलं.

"मिस्त्री," वस्ताद उशीत तोंड खुपसून म्हणाले, "कुणी बघितलं न्हाय न्हवं?"

"न्हाणीत कोन बघनार, वस्ताद?"

"मग झालं!" वस्ताद म्हणाले. "पंच नसंल ती कुस्ती धरत न्हाईत."

०

फेब्रुवारी आला तेव्हा मी एकटा ओळ लावू शकत होतो, अख्खी भिंत नाही. मिस्त्री काम सुटल्यावर मला थांबवून घेत आणि फुटक्या टाइल्स देऊन एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा लावायला लावत. मग अंधार पडायच्या आत जेवायला त्यांच्या घरी.

त्यांच्या घरात एकही टाइल नव्हती. मातीची भिंत, वर चुना. मी विचारलं, "मिस्त्री, सगळ्या गावाला लावता, आपल्या घरी का नाही?"

मिस्त्री भाकरी मोडत होते. आतून मिस्त्रींच्या बायकोच, म्हणजे आमच्या चाची, म्हणाल्या, "मी न्हाई म्हनले. दिसभर टायलीकडं बघतोय मानूस. घरला आल्यावर माझ्याकडं बघू दे की!"

मिस्त्रींनी मान खाली घालून कालवणात भाकरी चुरली. त्यांचे कान लाल झालेले मी तेव्हा एकदाच बघितले. चार महिने मी त्यांच्या ताटातलं खाल्लं, आणि 'किती दिवस हा येणार' असं त्या घरात कुणी एकदाही विचारलं नाही.

०

जून आला. मला भिंत पाहिजे होती आणि शिकाऊ माणसाला आपली भिंत देणार कोण? दिली एका नर्सबाईंनी. कॉलेजच्या रस्त्यावर त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. म्हणाल्या, "पहिलं इंजेक्शन मीही कुणाला तरी दिलंच होतं. लाव माझ्याकडं."

ओट्यामागची भिंत. चार दिवस लागले. मिस्त्री बाहेर अंगणात माझ्याकडं पाठ करून बसून राहिले, एकदाही आत आले नाहीत. पाचवा दिवस म्हणजे कॉलेज उघडायचा दिवस.

सकाळी लवकर जाऊन मी स्वतः भिंत वाजवली. टण, टण, टण... खालून चौथ्या ओळीत, कोपऱ्यातली टाइल ठप वाजली. काढावी तर शेजारच्याही हलल्या असत्या, आणि फाटकातून छत्री आत येताना दिसत होती.

नर्सबाई म्हणाल्या, "इथं पातेलं धरून उभी राहते मी. वाकल्यासारखी करते."

मी म्हणालो, "नको."

आण्णांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, कोटाची बाही वर केली आणि वरच्या ओळीपासून सुरुवात केली. शाळेत पेपर तपासतात तसं, एकेक. बोटाचं पेर ठोकायचं, कान जवळ न्यायचा, पुढची. टण. टण. मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. म्हादबा त्यांच्या मागं.

खालच्या त्या चौथ्या ओळीच्या कोपऱ्याशी आण्णा आले, तसा मिस्त्रींना खोकला सुरू झाला. असला खोकला मी वर्षभरात ऐकला नव्हता. म्हादबाच्या हातातून घमेलं पडलं.

ठप.

आण्णांनी हात मागं घेतला. खोकला संपेपर्यंत थांबले आणि परत ठोकलं.

ठप.

मी म्हणालो, "आण्णा, ती पोकळ आहे. कोपऱ्यात सिमेंट कमी पडलं. मीच लावली."

वर्षभरात मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. आण्णा आणखी वाकले. खालच्या तीन ओळी राहिल्या होत्या, त्या सगळ्या वाजवल्या. एकही सोडली नाही. शेवटची टण वाजली तसे ते सरळ झाले, धोतराच्या सोग्यानं बोट पुसलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

खिडकीबाहेर रस्ता भरून चालला होता. नवे सदरे, काखेत वह्या, सायकलींच्या घंटा, एकमेकांना हाका. पलीकडं कॉलेजची घंटा वाजायला लागली. बराच वेळ वाजली आणि थांबली. आण्णा तिकडंच बघत होते.

"मिस्त्री," ते म्हणाले, "कॉलेज अजून उघडलेलं दिसत नाही."

मिस्त्री खिडकीशी गेले. आण्णांच्या खांद्यावरून वाकून त्यांनी रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितला.

"कुठलं, साहेब!" मिस्त्री म्हणाले. "चिटपाखरू न्हाय रस्त्याला."